लिनक्सवर लिब्रेऑफिस नवं करायचंय? आधी कुणाकडून घ्यायचं ते ठरवा

माझी आतेबहीण एका पतसंस्थेत हिशेब बघते. तिच्या संगणकावर विंडोजऐवजी लिनक्स मिंट २२ आहे, मीच घालून दिलेलं. मार्चअखेरीच्या धावपळीत तिचा फोन आला. बाहेरून आलेली एक्सेलची फाइल तिने कॅल्कमध्ये, म्हणजे लिब्रेऑफिस या मोफत ऑफिस सॉफ्टवेअरमधल्या एक्सेलसारख्या प्रोग्राममध्ये, उघडली होती आणि एका अख्ख्या रकान्यात आकड्यांच्या जागी हॅशची खूण आणि पुढे ‘नेम?’ एवढंच दिसत होतं. मी म्हटलं, त्या चौकटीवर क्लिक कर आणि वर कोणतं सूत्र दिसतंय ते वाच. तिने वाचलं: ‘एक्सलुकअप’.

“दादा, मी अपडेट मॅनेजर दोनदा चालवला. तो म्हणतो सगळं अद्ययावत आहे. मग हे चालत का नाही?”

तिच्याकडचं लिब्रेऑफिस होतं २४.२. एक्सलुकअप हे सूत्र कॅल्कमध्ये आलं २४.८ पासून, म्हणजे ऑगस्ट २०२४ मध्ये. तिच्या संगणकाने ते नाव कधी ऐकलंच नव्हतं. तरीही अपडेट मॅनेजर खोटं बोलत नव्हता. विंडोज किंवा मोबाइलची सवय असलेल्या माणसाला हीच गोष्ट पटत नाही. ‘अद्ययावत’ म्हणजे ‘सगळ्यात नवं’ असं आपण धरून चालतो. लिनक्सवर या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. त्यांतला फरक एकदा कळला की पुढचं काम अर्ध्या तासाचं आहे. तो कळला नाही, तर माणूस इंटरनेटवर दिसेल ती आज्ञा टर्मिनलमध्ये, म्हणजे आज्ञा टाइप करायच्या खिडकीत, चिकटवत सुटतो आणि चालतं संगणक बिघडवून बसतो. हे मी पुष्कळदा पाहिलंय, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

लिब्रेऑफिस बनवते द डॉक्युमेंट फाउंडेशन ही बर्लिनची संस्था. या ऑफिसचं मूळ जर्मनीतल्या स्टारऑफिसमध्ये आहे. सन मायक्रोसिस्टिम्सने १९९९ मध्ये ते विकत घेतलं आणि २००० मध्ये त्याचा कोड खुला केला, तेच ओपनऑफिस. पुढे २०१० मध्ये सन कंपनी ओरॅकलकडे गेली. तेव्हा त्यावर काम करणाऱ्या बऱ्याच लोकांनी वेगळं होऊन २८ सप्टेंबर २०१० रोजी ही संस्था जाहीर केली आणि जानेवारी २०११ मध्ये लिब्रेऑफिस ३.३ बाहेर काढलं. ओपनऑफिस हे नाव अजूनही आहे, ते अपाचे फाउंडेशनकडे असतं, पण त्यात नवीन भर फारच कमी पडते. कुणाच्या संगणकावर अजून ओपनऑफिस असेल तर नवी आवृत्ती शोधण्यापेक्षा सरळ लिब्रेऑफिसवर यावं, असं माझं स्वच्छ मत आहे.

आता मुद्दा असा की तुमच्या मिंटवर किंवा उबुंटूवर (मिंट जिच्यावर उभं आहे ती लिनक्सची जात) असलेलं लिब्रेऑफिस तुम्ही बर्लिनहून आणलेलं नाही. त्या संस्थेने कोड दिला. उबुंटूच्या लोकांनी तो घेतला, आपल्या सिस्टिमला बसेल असा बांधला, तपासला आणि आपल्या रिपॉझिटरीत, म्हणजे पॅकेजांच्या कोठारात ठेवला. मिंट बहुतेक पॅकेजं उबुंटूच्याच कोठारातून घेतं. तुमचा अपडेट मॅनेजर फक्त या कोठारात डोकावतो. कोठारात जे आहे ते तुमच्याकडे आलेलं असलं की तो म्हणतो, सगळं अद्ययावत.

आणि हे कोठार मुद्दाम गोठवलेलं असतं. उबुंटू २४.०४ एप्रिल २०२४ मध्ये आलं, तेव्हा त्यात लिब्रेऑफिस २४.२ होतं. पुढची पाच वर्षं त्या उबुंटूच्या मूळ कोठारात २४.२ हीच मालिका राहणार. उबुंटू २२.०४ मध्ये ७.३ होतं, आजही तेच आहे. डेबियन ही लिनक्सची आणखी एक जात, तिच्या १२ मध्ये ७.४, १३ मध्ये २५.२. यात आळस नाही. ज्या कार्यालयात शंभर संगणक आहेत तिथे सोमवारी सकाळी मेनू बदललेला, छापील पत्राचा समास सरकलेला कुणालाच नको असतो. म्हणून ते म्हणतात: आवृत्ती तीच ठेवू, फक्त चुका दुरुस्त करू. फायरफॉक्ससारखा ब्राउझर याला अपवाद आहे. त्याची ताजी आवृत्ती सगळ्यांना मिळत राहते, म्हणूनच ‘फायरफॉक्स नवं होतं, मग ऑफिस का नाही’ असा प्रश्न पडतो.

तिला मी टर्मिनल उघडायला सांगितलं. ‘ॲप्ट पॉलिसी लिब्रेऑफिस-रायटर’ अशी आज्ञा, इंग्रजी लहान अक्षरांत. ॲप्ट म्हणजे कोठारातून पॅकेजं आणणारं साधन, रायटर म्हणजे लिब्रेऑफिसमधला वर्डसारखा प्रोग्राम. ही आज्ञा काहीच बदलत नाही, फक्त माहिती दाखवते, त्यामुळे बिनधास्त देऊन बघा. उत्तरात पहिल्या दोन ओळी महत्त्वाच्या: ‘इन्स्टॉल्ड’ म्हणजे सध्या बसलेलं आणि ‘कँडिडेट’ म्हणजे कोठारातलं सगळ्यात नवं. दोन्हीकडे एकच आकडा असेल तर अपडेट मॅनेजर तुम्हाला काही देणार नाही, कितीही वेळा चालवा. तिच्याकडे दोन्ही ओळींत असा काहीसा आकडा होता: ४:२४.२.७-०उबुंटू०.२४.०४.४.

हा लांबलचक आकडा बघून लोक बिचकतात, पण तो नीट वाचला की सगळी गोष्ट त्यातच आहे. सुरुवातीचा ‘४:’ सोडून द्या, तो पॅकेज बांधणाऱ्यांचा क्रम लावण्याचा आकडा आहे. पुढचं २४.२.७ हे खऱ्या लिब्रेऑफिसचं. २४ म्हणजे २०२४ साल, २ म्हणजे फेब्रुवारी आणि ७ म्हणजे त्या मालिकेतली सातवी दुरुस्ती. सालाची ही पद्धत २०२४ च्या सुरुवातीला आली, त्याआधी ७.५, ७.६ असे साधे आकडे होते. आडव्या रेघेनंतरचा भाग उबुंटूचा: २४.०४ साठी बांधलेलं, आणि शेवटचा ४ म्हणजे त्यांनी हे पॅकेज दुरुस्त करून पुन्हा दिल्याची खूण. एखादी सुरक्षेची फट सापडली की उबुंटूचे लोक नव्या आवृत्तीतली तेवढीच दुरुस्ती काढून जुन्या आवृत्तीत बसवतात आणि हा शेवटचा आकडा वाढतो. याला बॅकपोर्ट म्हणतात.

म्हणून ‘माझं ७.३ आहे, म्हणजे ते असुरक्षित झालं’ ही भीती काढून टाका. ७.३ च्या मालिकेला मूळ संस्थेने २०२२ मध्येच निरोप दिला, पण उबुंटू २२.०४ मधल्या त्याच ७.३ ला सुरक्षेच्या दुरुस्त्या २०२७ पर्यंत मिळायच्या आहेत. डेबियनचंही तसंच. आकडा जुना दिसला तरी त्याची देखभाल चालू असते. उलट वेबसाइटवरून हाताने उतरवून बसवलेलं लिब्रेऑफिस त्या दिवशी ताजं असतं, पण वर्षभराने त्याच्याकडे बघणारं कुणीच नसतं. सुरक्षेच्या नावाखाली लोक नेमकी ही अदलाबदल करतात, आणि मला त्याचं खरोखर वाईट वाटतं.

मग नवी आवृत्ती घ्यायचीच कशाला? कारण असेल तर जरूर घ्यावी. माझ्या बहिणीकडे कारण होतं. बाहेरून येणाऱ्या फाइलींत एक्सलुकअप, फिल्टर, सॉर्ट, युनिक ही सूत्रं आता सर्रास असतात आणि कॅल्कमध्ये ती सगळी २४.८ मध्येच आली. वर्डमध्ये केलेल्या अर्जांत कधी कधी मजकुराच्या बाजूला तरंगणारा मोठा तक्ता असतो. तो एका पानावरून दुसऱ्या पानावर नीट वाहून जाण्याची सोय रायटरमध्ये ७.६ पासून आहे. त्याआधी असा तक्ता पानाच्या तळाशी कापला जायचा. कॅल्कमध्ये १६,३८४ रकाने ७.४ पासून मिळतात, त्याआधी १,०२४ च होते. रोजची पत्रं, सभेचं इतिवृत्त, घरचा जमाखर्च एवढंच काम असेल आणि सगळं सुरळीत चालू असेल, तर कोठारातली आवृत्ती सोडू नका.

आता नवं घ्यायचं ठरलं, तर कुणाकडून? माझ्या मते लिनक्सवर ऑफिस नवं करण्याच्या कामात खरा निर्णय एवढाच आहे. कुणाकडून घेता यावरून पुढच्या दुरुस्त्या कोण देणार, तुमच्या सेटिंग कुठे राहणार आणि उद्या नको झालं तर काढायचं कसं, हे सगळं ठरतं.

उबुंटू आणि मिंटवाल्यांचा एक जुना रस्ता म्हणजे पीपीए. हे लाँचपॅड या उबुंटूवाल्यांच्या संकेतस्थळावरचं वेगळं कोठार. लिब्रेऑफिससाठीचं पीपीए उबुंटूसाठी पॅकेज बांधणारी मंडळीच सांभाळतात. तीन आज्ञा लागतात. पहिली ‘सुडो ॲड-ॲप्ट-रिपॉझिटरी पीपीए:लिब्रेऑफिस/पीपीए’, मग ‘सुडो ॲप्ट अपडेट’, मग ‘सुडो ॲप्ट अपग्रेड’. पहिल्या आज्ञेने नवं कोठार यादीत आलं, दुसरीने त्यातला माल तपासला, तिसरीने घरी आणला. सुडो म्हणजे प्रशासकाच्या हक्काने, म्हणून तो पासवर्ड विचारतो. काही संगणकांवर टाइप करताना पडद्यावर ठिपकेसुद्धा उमटत नाहीत, कीबोर्ड बंद पडला असं समजू नका, टाइप करून एंटर दाबा. यात जुन्याच पॅकेजाच्या जागी नवं येतं, मेनूतले आयकॉन तेच राहतात, सेटिंग त्याच राहतात. पुढे अपडेट मॅनेजरमधूनच नवी आवृत्ती येत राहते. पण लक्षात घ्या, फेब्रुवारी आणि ऑगस्टच्या सुमाराला मोठी आवृत्ती निघाली की तीही तुम्हाला न विचारता यादीत येते. उबुंटूची आवृत्ती बदलताना अशी बाहेरची कोठारं बंद केली जातात, ती नंतर आठवणीने चालू करावी लागतात. डेबियनवर मात्र पीपीए अजिबात वापरू नका, ते उबुंटूसाठी बांधलेलं असतं. डेबियनचं स्वतःचं ‘बॅकपोर्ट्स’ नावाचं, नव्या आवृत्त्यांचं कोठार आहे, तिथून घ्या.

दुसरा रस्ता फ्लॅटपॅकचा, म्हणजे फ्लॅटहब या दुकानातून. यात लिब्रेऑफिस स्वतःला लागणारं सामान बरोबर घेऊन येतं आणि तुमच्या सिस्टिमपासून वेगळ्या कप्प्यात राहतं. उबुंटू असो, फेडोरा असो, डेबियन असो, पॅकेज एकच. तोटा असा की पहिल्यांदा उतरवताना बराच डेटा जातो, मोबाइलच्या हॉटस्पॉटवर हे काम काढू नका. आणि कप्पा वेगळा असल्यामुळे बाहेरच्या सॉफ्टवेअरशी जोडणी अडते. झोटेरोसारखं संदर्भांचं साधन रायटरला जोडून प्रबंध लिहीत असाल, तर प्रबंध संपेपर्यंत या वाटेला जाऊ नका.

उबुंटूवर स्नॅप नावाचं, असंच वेगळ्या कप्प्यात राहणारं पॅकेजही मिळतं. स्नॅप दिवसातून चार वेळा नवं काही आलंय का बघतं आणि आपोआप बदलतं. काहींना ते आवडतं. मला ऑफिसच्या बाबतीत आवडत नाही, कारण कधी बदलायचं हे काम करणाऱ्याने ठरवावं. स्नॅपमधून पेन ड्राइव्ह उघडला नाही तर त्याची वेगळी परवानगी द्यावी लागते, हेही माहीत असू द्या. मिंटवर स्नॅप मुळात बंद असतं.

राहिला मूळ संस्थेच्या संकेतस्थळावरून गठ्ठा उतरवण्याचा मार्ग. तो उलगडला की आत पॅकेजांनी भरलेलं फोल्डर निघतं, ती सगळी एका आज्ञेने बसवायची. मराठी मेनू हवे असतील तर भाषेचा गठ्ठा वेगळा, मदतीचा वेगळा. हे सगळं ‘ऑप्ट’ फोल्डरमध्ये जाऊन बसतं आणि आधीचं लिब्रेऑफिस तिथल्या तिथेच राहतं. त्यामुळे मेनूत दोन-दोन रायटर दिसतात आणि फाइलवर डबल-क्लिक केलं तर कोणता उघडेल सांगता येत नाही. शिवाय या रस्त्याने आलेल्याला आपोआप दुरुस्त्या मिळत नाहीत, दर वेळी हाताने उतरवायचं. नवी आवृत्ती काही न बसवता फक्त चाखून बघायची असेल तर त्याच संकेतस्थळावर ॲपइमेज असतं. एकच फाइल, तिला चालवण्याची परवानगी द्या, उघडा, बघा, नको असेल तर पुसून टाका.

फेडोरा या लिनक्सच्या आणखी एका जातीवर कोठारातच बऱ्यापैकी नवी आवृत्ती मिळते. फेडोरामागच्या रेड हॅट कंपनीने २०२३ मध्ये लिब्रेऑफिसची पॅकेजं सांभाळणं सोडलं तेव्हा धाकधूक होती, पण फेडोराच्या स्वयंसेवकांनी ते काम उचललं. रेड हॅटच्या स्वतःच्या लिनक्सच्या १० व्या आवृत्तीत मात्र लिब्रेऑफिस नाही, तिथे फ्लॅटपॅकच घ्यायचं.

कोणत्याही रस्त्याने जा, मूळ संस्थेकडून नव्या मालिकेचा पहिलावहिला आकडा, म्हणजे ज्याच्या शेवटी शून्य आहे तो, कामाच्या संगणकावर घेऊ नका. शेवटचा आकडा ३ किंवा ४ झाला की घ्या. तोपर्यंत घाईच्या चुका दुरुस्त झालेल्या असतात.

बहिणीसाठी मी फ्लॅटपॅक निवडलं. एक तर मिंटमध्ये त्याची सोय आधीपासून असते आणि टर्मिनल लागत नाही. दुसरं म्हणजे मार्चचा शेवटचा आठवडा होता. जुनं लिब्रेऑफिस तसंच जागेवर राहिलं पाहिजे होतं, म्हणजे काही बिनसलं तर ती लगेच त्यावर परत जाऊ शकली असती.

पण त्याआधी एक काम केलं, ते प्रत्येकाने करावं. लिब्रेऑफिस बंद करायचं. फाइल मॅनेजरमध्ये होम फोल्डर उघडून कंट्रोल आणि एच दाबायचं. नावाच्या सुरुवातीला टिंब असलेली लपलेली फोल्डरं दिसू लागतात. त्यांत ‘.कॉन्फिग’, त्यात ‘लिब्रेऑफिस’, त्यात ‘४’. हा ४ बघून गोंधळू नका, चौथ्या आवृत्तीपासून हे नाव बदललेलंच नाही. हे फोल्डर म्हणजे तुमचं प्रोफाइल. तुम्ही वर्षानुवर्षं शब्दकोशात घातलेले शब्द, ऑटोकरेक्टच्या जोड्या, पत्रांचे नमुने, मॅक्रो, टूलबारची मांडणी, सगळं इथे असतं. लोक कागदपत्रांचा बॅकअप घेतात आणि हे विसरतात. ते फोल्डर कॉपी करून पेन ड्राइव्हवर ठेवायचं. दोन मिनिटं लागतात.

मग सॉफ्टवेअर मॅनेजरमध्ये लिब्रेऑफिस शोधलं. तिथे त्याच नावाखाली सिस्टिमचं पॅकेज आणि फ्लॅटपॅक असे दोन पर्याय दिसतात. फ्लॅटपॅक निवडून इन्स्टॉल केलं. नवं कॅल्क उघडून तिने तीच फाइल उघडली, आणि त्या रकान्यात आकडे आले. फोनवरच तिने मोठा श्वास सोडला.

पाच मिनिटांनी पुन्हा फोन. “दादा, माझी नोटीस कुठे गेली? आणि थबा लिहिलं की थकबाकीदार होत नाहीये.”

तिने थकबाकीच्या नोटिशीचा एक नमुना रायटरमध्ये करून ठेवला होता आणि ऑटोकरेक्टमध्ये अशा पन्नासेक जोड्या. त्यातलं काही हरवलं नव्हतं. फ्लॅटपॅकचा कप्पा वेगळा, म्हणून त्याचं प्रोफाइलही वेगळं: होम फोल्डरमध्ये ‘.व्हार’, त्यात ‘ॲप’, त्यात लिब्रेऑफिसच्या नावाचं फोल्डर, त्यात ‘कॉन्फिग’, मग पुन्हा ‘लिब्रेऑफिस’ आणि ‘४’. नवं लिब्रेऑफिस कोऱ्या पाटीने सुरू झालं होतं. ते बंद करून जुन्या प्रोफाइलच्या ‘युझर’ फोल्डरमधली चार फोल्डरं नव्याच्या ‘युझर’मध्ये टाकली: ऑटोकरेक्टचं, ऑटोटेक्स्टचं, टेंप्लेटचं आणि ‘वर्डबुक’ नावाचं, ज्यात आपण भर घातलेले शब्द असतात. उघडलं तर थबाचं थकबाकीदार झालं. अख्खं प्रोफाइल मी मुद्दाम उचललं नाही. जुन्या सेटिंग आणि जुनी एक्स्टेंशन नव्या आवृत्तीवर ओतली की अडचणी निघतात. मराठी शब्दकोश एक्स्टेंशन म्हणून घातला असेल, तर तो नव्यात पुन्हा घालणंच बरं.

पीपीएने किंवा मूळ गठ्ठ्याने गेलात तर हा प्रश्न येत नाही, कारण ते जुनंच प्रोफाइल वापरतात. पण त्यातच दुसरा धोका आहे. नव्या आवृत्तीने ते प्रोफाइल वापरलं आणि मग तुम्ही जुन्यावर परत आलात, तर जुन्याला नव्याच्या काही नोंदी कळत नाहीत. म्हणून पेन ड्राइव्हवरची ती कॉपी.

मराठीत काम करणाऱ्यांसाठी आणखी एक गोष्ट सांगायलाच हवी, कारण ‘अपडेट केलं आणि मराठी बिघडली’ ही तक्रार हमखास येते. लिब्रेऑफिस देवनागरीला ‘कॉम्प्लेक्स टेक्स्ट लेआउट’ या गटात धरतं आणि या गटाचा फाँट आणि आकार इंग्रजीपासून वेगळा ठेवतं. एकाच परिच्छेदात इंग्रजी शब्द १२ चे आणि मराठी १० चे दिसतात ते यामुळे. कोरं प्रोफाइल आलं की ही सेटिंग मूळपदावर जाते. टूल्स, ऑप्शन्स, मग भाषांचा विभाग उघडा. तिथे कॉम्प्लेक्स टेक्स्ट लेआउटवर खूण करा आणि बाजूला मराठी निवडा. मग रायटरच्या विभागात मूळ फाँट ठरवायची जागा आहे, तिथे या गटासाठी आपला नेहमीचा फाँट घाला, नोटो असो, लोहित असो की मुक्त. तुमच्या सिस्टिमवरचे फाँट फ्लॅटपॅकला दिसतात, ते पुन्हा बसवायला लागत नाहीत. मेनू मराठीत हवे असून इंग्रजीच दिसत असतील, तर फ्लॅटपॅकने फक्त सिस्टिमच्या भाषेचं सामान उतरवलेलं असतं. त्याच्या भाषांच्या यादीत मराठी जोडून पुन्हा अपडेट करावं लागतं. उबुंटूच्या कोठारातून घेत असाल तर मराठी मेनूचं पॅकेज वेगळं असतं, नावाच्या शेवटी ‘एल१०एन-एमआर’ असं.

जुन्या, युनिकोड नसलेल्या फाँटमध्ये टाइप केलेल्या फाइलींचा मात्र अपडेटशी काही संबंध नाही. त्यांत आत इंग्रजी अक्षरंच साठवलेली असतात, तो विशिष्ट फाँट नसला की ती तशीच दिसणार. त्या फाइली युनिकोडमध्ये बदलून घेणं हाच उपाय, आणि तो जितका लवकर कराल तितका चांगला.

अपडेट करताना लिब्रेऑफिस उघडं ठेवू नका, विशेषतः ॲप्टने करत असाल तर. चालू असलेल्या प्रोग्रामच्या पायाखालून फाइली बदलल्या जातात, मग मेनू उघडत नाहीत, जतन करताना अडकतं. आणि नव्या आवृत्तीत लिब्रेऑफिस उघडताच बंद पडू लागलं, तर आधी सेफ मोड वापरून बघा. हेल्प मेनूत तो पर्याय आहे, तोही उघडत नसेल तर टर्मिनलमधून ‘लिब्रेऑफिस’ लिहून पुढे जागा सोडून दोन आडव्या रेघा आणि ‘सेफ-मोड’. त्यात बिनतक्रार चाललं, तर दोष प्रोफाइलमध्ये आहे, आवृत्तीत नाही. तेव्हा प्रोफाइलच्या फोल्डरचं नाव बदलून ठेवलं की लिब्रेऑफिस नवं प्रोफाइल बनवतं आणि वर सांगितल्याप्रमाणे चार फोल्डरं परत टाकता येतात.

पीपीए नकोसं झालं तर ते यादीतून नुसतं काढून भागत नाही, बसलेली नवी पॅकेजं तशीच राहतात आणि त्यांना दुरुस्त्या मिळणं बंद होतं. ‘पीपीए-पर्ज’ नावाचं छोटं साधन आहे, ते पीपीए काढतं आणि कोठारातली मूळ आवृत्तीही परत आणतं.

बहिणीच्या संगणकावर महिनाभर दोन्ही लिब्रेऑफिस नांदत होती. फाइलवर डबल-क्लिक केलं की जुनंच उघडायचं, म्हणून उजवं क्लिक करून ‘ओपन विथ’मधून नवं कॅल्क आणि रायटर कायमचं ठरवून दिलं. एप्रिलच्या शेवटी, लेखापरीक्षकांच्या सगळ्या फाइली नव्यात बिनचूक उघडतात याची खात्री झाल्यावर, तिच्या घरी जाऊन जुनं काढलं. काढण्याची आज्ञा दिली की ॲप्ट आधी यादी दाखवतं, काय काय जाणार आहे. ती यादी आम्ही दोघांनी बोट ठेवून वाचली, प्रत्येक नाव लिब्रेऑफिसचंच आहे ना हे बघितलं, आणि मग तिने वाय दाबलं.